वेबसाइट झाली पटकन, डोमेन नावावर करताना घाम निघाला

कर्वेनगरमध्ये आमचं मिक्सर-गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. अशा दुकानाला तीन पानांची वेबसाइट पुरते: काय दुरुस्त होतं आणि साधारण किती पैसे लागतात, पत्ता आणि वेळा, फोन. गूगलच्या दुकान-प्रोफाइलबरोबर मिळणारी फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, घेतलेलंच बरं. पानं करताना काही अडलं नाही. अडलं ते डोमेनपाशी, आणि त्याची चीड अजून आहे.

वेबसाइट करून देणाऱ्याच्या बिलात ‘डोमेन व होस्टिंग’ (होस्टिंग म्हणजे पानं ठेवायची इंटरनेटवरची जागा) अशी एकच ओळ होती. डोमेन त्याने स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलवर घेतलेलं. पैसे आमचे, दुकानाच्या पाटीवर आणि बिलबुकावर छापलेला पत्ता आमचा, पण रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, लेखी मालक तो. रजिस्ट्रार नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचंच ऐकतो. नूतनीकरणाची तारीख जवळ आली तसा या माणसाचा फोन लागेना, आणि लागला की ‘उद्या कोड पाठवतो’.

डॉट कॉम दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ऑथ कोड, म्हणजे जुन्या रजिस्ट्रारकडून मिळणारा त्या डोमेनचा पासवर्ड, लागतो. पण नुसता कोड मिळून भागत नाही. डोमेनला कुलूप असतं, ते जुन्या खात्यातूनच काढावं लागतं. हूइजमध्ये, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेत, डोमेन टाकून पाहा: ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ दिसलं तर कुलूप तसंच आहे आणि खरा कोड टाकूनही अर्ज परत येणार. आमचं घोडं इथेच अडलं. कोड हातात, कुलूप त्याच्याकडे. शिवाय मंजुरीची ई-मेल जाते तीही नोंदलेल्या पत्त्यावर, म्हणजे पुन्हा त्याच्याचकडे. सगळं मोकळं झाल्यावरही जुन्या रजिस्ट्रारने स्वतःहून मंजुरी दिली नाही तर पाच दिवस थांबावं लागतं. नव्याने घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन तर ६० दिवस हलतच नाही. आणि मुदत संपून रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे नोंदणी रद्द झाल्यावर सोडवून घ्यायच्या काळात, गेलं की सोडवायला नेहमीच्या दराच्या कितीतरी पट दंड.

यापेक्षा सोपी वाट आहे, पण ती कुणी आपणहून सांगत नाही. त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा आणि त्याला डोमेन त्या खात्यात ढकलायला सांगा. यात कोड लागत नाही, सहसा पैसेही लागत नाहीत, आणि त्याचं काम चार-पाच क्लिकचं असल्याने टाळायला निमित्त उरत नाही. खात्यात आलं की मालकाचं नाव, ई-मेल आणि मोबाइल लगेच बदला. खातं बदललं म्हणजे नाव बदललं असं नाही. नंतर पडताळणीची ई-मेल येते, तिच्यातली लिंक १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन बंद पडू शकतं. मागणी लेखी करा, ई-मेलवर, बिलाची प्रत जोडून. फोनवरच्या ‘हो हो’ला काही अर्थ नाही.

हलवण्याआधी नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) आणि ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी या, म्हणजे वेबसाइट आणि ई-मेल कुठे आहे ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. डोमेन आपलं झालं तरी नेमसर्व्हर जुन्या माणसाच्या होस्टिंगचे असतील, तर त्याने ते बंद केल्याक्षणी वेबसाइट आणि त्या डोमेनवरची ई-मेल दोन्ही गायब.

नव्याने घेणाऱ्यांनी डोमेन स्वतःच्या कार्डाने, स्वतःच्या ई-मेलवर घ्यावं आणि करणाऱ्याला फक्त नेमसर्व्हर बदलायला सांगावं. दर बघताना पहिल्या वर्षाची ऑफर सोडा, नूतनीकरणाचा दर बघा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. तीन साध्या पानांचं होस्टिंग फुकटही मिळतं, त्यासाठी महिन्याचं भाडं भरू नका.

पानांबद्दल सांगायचं राहिलं. जुन्या पत्रकातला मजकूर डीटीपीवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला असेल तर तो वेबसाइटवर चिकटवल्यावर नुसती चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठीच दिसेल अशा स्वरूपात, बदलून घ्या किंवा सरळ परत टाइप करा. मोबाइलचे फोटो तीन-चार एमबीचे असतात, ते १२०० पिक्सेल रुंदी आणि २०० केबीच्या आत आणा, नाहीतर गिऱ्हाईक पान उघडायची वाट बघत बसत नाही. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये ९१ आणि पुढे दहा आकडे, मध्ये अधिक चिन्ह नाही, जागा नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि त्याच वेळा गूगल प्रोफाइलवरही टाका. जड मिक्सर उचलून आलेल्या माणसाला बंद शटर दिसलं तर तो पुन्हा येत नाही.