रॅम माझ्या हातात आणि डिस्प्लेवर 'रॅम ओके'

संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. टेबलावर माझा स्वतःचा एनईएस उघडा, त्याची रॅमची चिप सॉकेटमधून काढून डाव्या हातात धरलेली, उजव्या हाताने पॉवरचं बटण दाबलं आणि माझ्याच टूलच्या छोट्या डिस्प्लेवर आलं, 'सीपीयू ओके, रॅम ओके'. तीनदा बंद-चालू करून बघितलं, तेच. मशिनमध्ये रॅम नाहीच आणि टूल म्हणतंय ठीक आहे. घशाला कोरड पडली, कारण ह्याच दोन शब्दांवर विश्वास ठेवून एका माणसाने चार दिवसांपूर्वी आपल्या बोर्डवरचा पीपीयू, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बनवणारी चिप, काढला होता.

टूल कशासाठी ते आधी सांगतो. एनईएस म्हणजे निन्टेन्डोचा ८ बिटचा व्हिडिओ गेम कन्सोल, जपानमध्ये १९८३ला फॅमिकॉम म्हणून आला आणि १९८५ला अमेरिकेत एनईएस म्हणून. बंद पडलेल्या मशिनमध्ये बऱ्याचदा ७२ पिनचा कनेक्टरच खराब असतो, तो साफ केला किंवा बदलला की काम होतं. पण कनेक्टर चांगला आणि तरी स्क्रीन नुसती एका रंगाची, असं मशिन आलं की खरी परीक्षा, कारण सीपीयू गेला, रॅम गेली, पीपीयू गेला की मधलं एखादं लॉजिक आयसी गेलं, बाहेरून सगळं सारखंच दिसतं. आणि सीपीयू, पीपीयू हे रिकोचे खास चिप आहेत, आता कोणी बनवत नाही, एक हवा असेल तर दुसऱ्या कन्सोलमधून काढायचा. म्हणून अंदाजाने चिप काढणं मला कधीच पटलं नाही आणि त्यातूनच हे काम सुरू केलं.

कार्ट्रिजच्या जागी बसणारा बोर्ड, त्यावर रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, मधे लेव्हल शिफ्टर कारण पिको ३.३ व्होल्टचा आणि कन्सोलची बस, म्हणजे चिपांमधल्या पत्त्याच्या आणि डेटाच्या तारा, ५ व्होल्टची. पिको स्वतः रॉम बनून सीपीयूला प्रोग्राम पुरवतो आणि त्याच वेळी बसवर काय चाललंय ते ऐकत राहतो. सीपीयूची एक सायकल साधारण ५५९ नॅनोसेकंदांची, तेवढ्यात पत्ता वाचून बाइट समोर ठेवायची, पिकोच्या पीआयओला, म्हणजे पिना वेगाने हाताळणाऱ्या त्याच्या खास भागाला, ते जमतं. रिसेटनंतर सीपीयू एफएफएफसी आणि एफएफएफडी ह्या दोन पत्त्यांवरून सुरुवात कुठून करायची ते वाचतो, ते दोन पत्ते बसवर दिसले की समजायचं सीपीयूने श्वास घेतला. परवाना नसलेली कार्ट्रिज अडवणाऱ्या लॉकआउट चिपला उत्तर द्यायला एटीटायनी हा एक छोटा मायक्रोकंट्रोलर लावलाय, नाहीतर कन्सोल साधारण दर सेकंदाला रिसेट होत राहतो. बोर्डचा पहिला लॉट पूर्ण वाया गेला होता कारण ह्या स्लॉटचं पिनांमधलं अंतर २.५ मिलिमीटर आणि मी सवयीने २.५४ धरलं, एका बाजूच्या ३६ पिनांत शेवटपर्यंत १.४ मिलिमीटरचा फरक साठतो. (हे लिहून ठेवतोय, कोणीतरी वाचेल आणि त्याचा लॉट वाचेल.) सर्किट आणि केकॅडच्या (बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) फाइल्स सर्नच्या ओपन हार्डवेअर लायसन्सखाली, कोडही उघडा, ज्याला हवं त्याने बनवावं.

तसंच काकांनी बनवलं, सुरुवातीला म्हटलेला माणूस तो हाच. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेले, आता जुने कन्सोल करतात, हात अतिशय स्वच्छ. त्यांचा फोन आला होता, "अरे, तुझं टूल म्हणतंय सीपीयू ओके, रॅम ओके. मग राहिला पीपीयूच ना?" आणि मी म्हणालो, "हो काका, तसंच दिसतंय." हे वाक्य अजून कानात आहे. त्यांनी ४० पिना सोडवल्या, दोन पॅड उचलले गेले, तिथे वायर टाकून दुसरा पीपीयू बसवला. आज दुपारी परत फोन. "बदलला रे, पण स्क्रीन तीच. आणि जुना पीपीयू दुसऱ्या मशिनमध्ये घातला तर मस्त चालतोय." आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त लागलं.

मी म्हटलं लॉग पाठवा. पिको बसवरचं सगळं नोंदवतो, रॅमचे पत्तेसुद्धा कार्ट्रिजपर्यंत येतात. तासभर ओळ न ओळ वाचली. ०५ पत्त्यावर ०५ लिहिलं, ०५च परत आलं. ०६वर ०६. कुठेच चूक नाही. शेवटी नुसतं करून बघायचं म्हणून म्हटलं, "काका, रॅमच्या १८ नंबरच्या पिनवर स्कोप लावा." ती चिप सिलेक्ट, रॅमला हाक मारली की खाली जायला हवी. थोडा वेळ शांतता आणि मग, "सपाट आहे. ५ व्होल्टला चिकटलीये, हलतच नाही."

म्हणजे रॅमला कधी हाक गेलीच नव्हती. मग ०५ कोण परत देत होतं? फोन ठेवला आणि माझ्या मशिनमधली रॅम काढली, त्या संध्याकाळची सुरुवात अशी.

उत्तर सापडायला दहा मिनिटं लागली, इतकं ते समोर होतं. बसवर कोणीच काही ठेवलं नाही तर तारांवर आधीचाच बाइट थोडा वेळ तसाच राहतो, तारांची स्वतःची कपॅसिटन्स तेवढी पुरते. आता '०५ पत्त्यावरून वाच' ही झीरो पेजची, म्हणजे रॅमच्या पहिल्या २५६ बाइट्सच्या पानाची, आज्ञा बघा, सीपीयू आधी आज्ञेचा बाइट घेतो, मग पत्त्याचा बाइट म्हणजे ०५, आणि लगेच पुढच्या सायकलला रॅम वाचतो. रॅम गप्प बसली तर बसवर काय उरलंय? ०५. आणि माझी टेस्ट काय लिहीत होती? प्रत्येक पत्त्यावर त्याचाच पत्ता! उरलेल्या पानांमध्ये मी पानाचा नंबर लिहीत होतो, म्हणजे पत्त्याच्या वरच्या लाइन तपासल्या जातात, आणि तिथे पूर्ण पत्त्याच्या आज्ञेत शेवटचा वाचलेला बाइट नेमका पानाचाच नंबर. दोन्हीकडे मेलेली रॅम पास. लॉगही खोटा नव्हता, बसवर खरंच ०५ होतं, फक्त ते रॅमने ठेवलेलं नव्हतं.

आणि हे आधी असं नव्हतं. पहिल्या आवृत्तीत सगळीकडे ५५ आणि मग एए (एकाआड एक बिट) लिहून वाचायची साधी टेस्ट होती, ती असती तर पहिल्याच वाचनाला पकडलं असतं. मी ती काढली कारण मला वाटलं पत्ता लिहिणारी टेस्ट सगळंच बघते, शिवाय झीरो पेजच्या प्रत्येक पत्त्यासाठी लूपऐवजी वेगळा कोड लिहिला, म्हणजे नेमकी कुठे चूक झाली ते पिकोला कोडच्या पत्त्यावरूनच कळेल. रॅमवर भरवसा नसताना प्रोग्राम लिहायचा तर स्टॅक नाही कारण तो रॅममध्येच असतो, म्हणून जेएसआर ही सबरूटीनची आज्ञाही नाही, फक्त तीन रजिस्टर, त्यात हे जमवल्याचा मला अभिमान होता. लूप ठेवला असता तर आज्ञेतला पत्त्याचा बाइट कायम ०० राहिला असता आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

रात्री दुरुस्ती लिहिली. आता प्रत्येक पत्त्यावर दोन फेऱ्या, एकदा पत्ता आणि एकदा त्याचे सगळे बिट उलटे, रिकामी बस एका फेरीत नक्की फसते. आणि वाचलेलं दरवेळी आज्ञेतल्या शेवटच्या बाइटसारखंच येत असेल तर टूल 'रॅम खराब' म्हणत नाही, 'रॅम उत्तरच देत नाही, सिलेक्ट लाइन बघा' असं म्हणतं, कारण ह्या दोन वाक्यांत एका निर्दोष चिपचा जीव असतो. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहिलं की जुन्या आवृत्तीच्या 'रॅम ओके'वर विसंबू नका आणि का ते पूर्ण लिहिलं. मग सॉकेट रिकामं ठेवून चालवलं. 'रॅम उत्तर देत नाही'. रॅम परत बसवली, ओके. आता हे रिकाम्या सॉकेटचं चालवून बघितल्याशिवाय मी नवीन आवृत्ती सोडत नाही.

काकांना सकाळी फोन केला आणि आधी माफी मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे, सिलेक्ट कुठून येतो ते सांग." येतो ७४एलएस१३९ मधून, पत्त्याच्या वरच्या लाइन बघून रॅमला बोलवायचं की पीपीयूला हे तो ठरवतो, अगदी साधा आयसी, आजही नवीन मिळतो. त्याचं फक्त रॅमचं आउटपुट मेलं होतं, पीपीयूचं चालू होतं. दुपारपर्यंत त्यांनी तो बदलला, सॉकेट लावून, आणि जुना पीपीयूसुद्धा त्याच्या जागी परत बसवला, दोन वायरींसकट. संध्याकाळी फोटो आला, टीव्हीवर गेम चालू.

खाली एकच ओळ होती, "पीपीयूची टेस्ट कधी लिहितोस?" पीपीयूच्या २००२ ह्या पत्त्यावरचा सगळ्यात वरचा बिट दर फ्रेमला एकदा चढायला हवा, तिथून सुरुवात केलीये. ह्या वेळी आधी पीपीयू काढलेल्या बोर्डवर चालवून बघणार आहे.