गडग्याचा लाल आणि माडाचा हिरवा

मालवण, आश्विन महिना

आज भाच्याने कॅमेऱ्यात रोल भरताना पाहिले आणि विचारले, "मामा, फोनवर एक बटण दाबलं की रंग जातात, मग तू हा खटाटोप कशाला करतोस?" मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर निदान या वहीत नीट लिहावे असे वाटते.

कृष्णधवल फिल्म वापरणाऱ्यांविषयी नेहमी सांगितले जाणारे कारण म्हणजे जुन्या काळाची ओढ. ते मला पटत नाही. जुना काळ मला फारसा नको आहे. मला हवा आहे तो एक निर्णय, आणि तो छायाचित्र घेण्याआधीच करावा लागतो. पाऊस सरल्यावर कोकणात दोन रंग डोळ्यांत भरतात, जांभ्याच्या चिऱ्यांचा तांबडा आणि झाडापेडांचा हिरवा. रंगीत छायाचित्रात हे दोन रंगच सगळी जागा बळकावतात आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांवरचे टाकीचे घाव, त्यांवर चढलेले शेवाळ, बाजूच्या झावळ्यांच्या सावल्या मागे पडतात. पण केवळ रंग काढून टाकल्याने हा प्रश्न सुटत नाही. आजची नेहमीची कृष्णधवल फिल्म सर्व रंगांना प्रतिसाद देते, आणि तिच्यावर तांबडा चिरा व हिरवे पान बहुधा जवळजवळ एकाच करड्या छटेचे उमटतात, त्यामुळे जे दोन रंग डोळ्यांना इतके वेगळे दिसत होते ते कागदावर एकमेकांत मिसळून जातात.

इथेच भिंगापुढच्या काचेचे काम सुरू होते. लाल फिल्टर लावला तर चिरा उजळतो, पाने काळवंडतात आणि आश्विनातले निळे आकाश इतके गडद होते की पांढरे ढग त्यावर कोरल्यासारखे दिसतात; हिरवट फिल्टर लावला तर पाने उजळतात आणि गडगा काळसर होतो. पिवळा फिल्टर साधारण निम्मा प्रकाश अडवतो, नारिंगी तीन चतुर्थांश, आणि गडद लाल तर सुमारे एक अष्टमांशच आत सोडतो, म्हणून प्रकाश देण्याचा वेळ किंवा भिंगाचे छिद्र तेवढे वाढवावे लागते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी असते, तिच्यावर हाच चिरा काळाकुट्ट येतो. म्हणजे एकच गडगा, एकच सकाळ, आणि तो उजळ दाखवायचा की काळा हे मी ठरवायचे. संगणकावर रंगीत छायाचित्रापासून हे सगळे नंतरही करता येते, आणि खरे सांगायचे तर अधिक बारकाईने करता येते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र नंतर करता येते म्हणूनच मी ते चिऱ्यासमोर उभा असताना करत नाही, हा माझ्या स्वभावाचा दोष असेल; फिल्म मला तिथल्या तिथे विचार करायला लावते.

दुसरे कारण प्रकाशाचे आहे. किनाऱ्यावर दुपारी रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढली जात असते तेव्हा वाळू आणि मासे डोळे दिपवतात, तर माडांखाली बसलेल्या माणसांचे चेहरे सावलीत बुडालेले असतात. कृष्णधवल निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बऱ्यापैकी सहन करते, म्हणून सावलीच्या मापाने प्रकाश द्यावा आणि रोल धुण्याचा वेळ थोडा कमी करून उजेडाची बाजू आवरावी, अशी जुनी रीत आहे. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी 1940 च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीचा गाभाही हाच आहे.

शिवाय हे धुणे घरी करता येते. रंगीत निगेटिव्हच्या डेव्हलपरला (फिल्मवर प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनाला) जवळपास 38 अंश तापमान काटेकोर सांभाळावे लागते. कृष्णधवल रोलचे वेळापत्रक सहसा 20 अंशांचे असते आणि तापमान थोडे वाढले तर वेळ कमी करून भागते. अर्थात 20 अंश हे आकडे आमच्यासाठी लिहिलेले नाहीत. इथे वैशाखात नळाचे पाणीच त्याहून बरेच गरम असते, म्हणून डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागते, आणि हायपो (प्रतिमा पक्की करणारे रसायन) व धुण्याचे पाणीही त्याच्या जवळच्या तापमानाचे ठेवावे लागते, नाहीतर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला इजा पोहोचते. शेवटची विसळणी डिस्टिल्ड पाण्याने करतो, डाग राहत नाहीत.

टिकण्याचे कारणही आहेच. रंगीत निगेटिव्हमध्ये प्रतिमेतली चांदी काढून टाकलेली असते आणि रंगद्रव्ये उरतात; कृष्णधवलमध्ये प्रतिमा चांदीचीच असते. आमच्या घरात आजोबांचे कृष्णधवल फोटो अजून स्पष्ट आहेत आणि त्यांच्यानंतरचे रंगीत फोटो तांबूस पडले आहेत. बुरशी मात्र भेदभाव करत नाही. तिला जिलेटिन मिळाले की पुरे, म्हणून पावसाळ्यात निगेटिव्ह सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

हे सगळे लिहूनही दशावताराबाबत माझी अडचण कायम आहे. रात्रीच्या जत्रेतल्या अपुऱ्या प्रकाशात 400 संवेदनशीलतेचा (आयएसओ) कृष्णधवल रोल 1600 चा धरून आणि तेवढा जास्त वेळ धुऊन काम निभावते, दाणा वाढतो पण चालतो. ट्यूबलाइटखाली साधी रंगीत फिल्म हिरवट पडते, तो त्रासही टळतो. पण रंगमंचावर आलेल्या राक्षसाच्या चेहऱ्यावरचे लाल-काळे रंग करड्यात मिसळले की त्याचा निम्मा दरारा गेला. म्हणून यंदा रंगपटात चेहरे रंगवत बसलेल्या कलाकारांसाठी कृष्णधवल रोल न्यायचा आणि प्रत्यक्ष प्रवेशासाठी भाच्याचा डिजिटल कॅमेरा मागून घ्यायचा असे ठरवले आहे. तो देईलच, फक्त आधी चार शब्द ऐकवील.