‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना, मॅडम?’

डिसेंबरअखेर गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या पार्ट्या संपतात तेव्हा आमच्या कॅज्युअल्टीत गर्दी सुरू होते. त्या पहाटे आलेला मुलगा कोल्हापूरचा होता. डोळ्यांच्या बाहुल्या पार विस्फारलेल्या, नाडी १३०, आणि कुणी हात लावला की अंग चोरून भिंतीला चिकटायचा. आमची सिस्टर कोंकणीत सांगत राहिली, "भिवपाची गरज ना." शब्द कळले नसतील, आवाज कळत असावा, तिचा हात तेवढा त्यानं झिडकारला नाही.

लघवीची पट्टी लावली. गांजा, अफू, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, सगळं निगेटिव्ह. मोठ्या भावाच्या जिवात जीव आला. "त्यानं काही घेतलेलंच नाही, मॅडम. घरी नेतो." तेवढ्यात दारातला मित्र खाली बघत म्हणाला, "रात्री जिभेवर कागद ठेवला होता."

म्हणजे बहुधा एलएसडी, कागदाच्या तुकड्यात मुरवून विकलं जाणारं, भास घडवणारं ड्रग. आमच्या पट्टीवर त्याची तपासणीच नसते. नेहमीचा डोस १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, त्यातही यकृत त्याचं रूप पालटून टाकतं. जेमतेम एक टक्का एलएसडी जसंच्या तसं लघवीत उतरतं. त्याहून कितीतरी जास्त असतं ते त्यापासून बनलेलं २-ऑक्सो-३-हायड्रॉक्सी-एलएसडी. ते पकडायला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणारं यंत्र लागतं.

मला धास्ती वेगळीच होती. असल्याच कागदावर एनबोम हे भास घडवणारं दुसरं कृत्रिम ड्रगही विकतात. गिळलं तर त्यातलं बरंचसं आतडं आणि यकृत वाटेतच मोडून टाकतात, म्हणून तेही तोंडातच धरतात. त्यानं झटके येतात, ताप चढतो, माणसं दगावलीही आहेत. म्हणून ताप, रक्तदाब, साखर, सोडियम पुन्हा पुन्हा पाहिलं. शांत करणारं लोराझेपाम दिलं, दिवे मालवले.

"सलाइन लावून धुऊन काढा ना," भाऊ काकुळतीला आला. धुऊन निघत नाही हो ते. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि यकृताला घाई करायला लावणारं औषध नाही. आपण फक्त तोवर माणूस सांभाळायचा.

दुपारी त्यानं भावाला नावानं हाक मारली, पाणी मागितलं. संध्याकाळी डिस्चार्ज कार्ड लिहिताना भाऊ हळूच म्हणाला, "आई वाचेल, नुसतं निगेटिव्ह लिहा." त्याची घालमेल कळत होती. तरी मी लिहिलं: एलएसडीचा संशय, या पट्टीत त्याची तपासणी होत नाही. उद्या कोल्हापुरात पुन्हा काही झालं, तर तिथल्या डॉक्टरला एवढं तरी कळायला हवं.