नीतिशास्त्राचा पेपर आणि 33 टक्क्यांची रेघ

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्र, सचोटी आणि अभियोग्यतेचा पेपर 2013 पासून आहे. 250 गुण, तीन तास, आणि जवळपास निम्मे गुण प्रसंगांवरच्या प्रश्नांना. आता राज्यसेवेतही तो आलाय, त्यामुळे जळगावच्या अभ्यासिकांमध्ये याच्या नोट्स हातोहात फिरतात. सार्वजनिक पदावरच्या माणसानं कसं वागावं हे सांगणारी ब्रिटनच्या नोलन समितीची सात तत्त्वं दोन दिवसांत पाठ होतात. पुढ्यात प्रसंग आला की खरा कस लागतो.

म्हणून मी गावाकडचाच प्रसंग घेऊन बसले. आमचं गाव चोपडा तालुक्यात. वादळात निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळी आडवी होते, मग पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात. नुकसान 33 टक्के भरलं तर सरकारी मदत, नाहीतर नाही. एकाची बाग पार झोपलेली, बांधापलीकडच्या आबांची चौथाई खोडं मोडलेली. घड लोंबलेल्या खोडाला हात लावून आबा म्हणतात, "आप्पा, मनं बी लिखी ल्या ना." समजा, हे आबा तलाठ्याचे सख्खे काका आहेत. आता?

'नियमानुसार कारवाई करीन' एवढं लिहून भागत नाही. आबांवर पीककर्ज आहे, तेही उत्तरात आलं पाहिजे. मी लिहिलं ते असं: नातं तहसीलदारांना लेखी कळवायचं आणि आबांच्या शेताचा पंचनामा दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यायला सांगायचं. खोडं सगळ्यांसमोर मोजायची, फोटो काढायचे, यादी ग्रामसभेत वाचायची. आबांनी हवामान आधारित फळपीक विमा काढला असेल, तर त्यांची कागदपत्रं घेऊन स्वतः पाठपुरावा करायचा. आकडा मात्र वाढवायचा नाही. आज आबांसाठी वाढवला, तर उद्या ज्याचा कोणी तलाठी नाही त्यानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

करुणा आणि नियम यांतलं एकच निवडा, असं बऱ्याच नोट्स सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. आबांना बांधावर बसून 'मदतीच्या नियमात का बसत नाही' हे नीट समजावून सांगणं, ही करुणाच आहे. ज्याला हे बोलणं जमत नाही, त्याला बाकी सगळं येत असलं तरी या नोकरीत लोकांना त्याचा उपयोग थोडाच.

परीक्षेत केळीचा प्रश्न आला नाही. पण प्रत्येक प्रसंगात मी आधी विचारलं, इथले आबा कोण, आणि तिथूनच उत्तर लिहायला घेतलं.