दोन तुकड्यांत निघालेली पिन

शुक्रवारी दुपारी तो आला तेव्हा दुकान बंद करायला तासभर उरला होता. निवृत्त शिक्षक, आमचं जुनं गिऱ्हाईक. रायफलची पेटी बेंचवर ठेवून हलक्या आवाजात म्हणाला, "काल एकदाच ट्रिगर ओढला आणि दोन गोळ्या सुटल्या." रविवारी त्याची नेमबाजीची मॅच होती.

मी अमेरिकेत फिनिक्सजवळ गनस्मिथ म्हणून, म्हणजे बंदुका दुरुस्त करायचं, काम करतो. असं वाक्य कानावर आलं की हातातलं बाकी सगळं बाजूला पडतं.

रायफल एआर-15 या अमेरिकी रायफलीच्या घडणीची, पण 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत 2016 मध्ये या रायफलींचा वेगळा गट झाला. बरेच लोक त्या घरीच सुटे भाग जोडून बनवतात. यानेही बनवली होती, आणि ट्रिगर बसवला होता महागातला, पण 5.56 मिलिमीटरच्या नेहमीच्या एआर रायफलीसाठी केलेला.

मॅगझिन काढलं, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहिलं, बोट घालूनही पाहिलं. मग ट्रिगर दाबून धरला, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून सोडला आणि ट्रिगर हळूहळू सैल केला. एका ओढीत एकच गोळी सुटावी म्हणून असलेल्या खटक्याने, डिस्कनेक्टरने, हॅमर (गोळी उडवणारा हातोडा) पकडून ठेवला असेल तर इथे 'टक्' असा आवाज यायला हवा. पाच वेळा आला. सहाव्यांदा काहीच नाही. हॅमर बोल्टच्या मागोमाग पुढे गेला होता.

हॅमर ज्या पिनेभोवती फिरतो ती पिन पंचने ठोकली तर अर्धीच बाहेर आली. उरलेली अर्धी दुसऱ्या बाजूने काढावी लागली.

माझे वडील कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत टर्नर होते. तुटलेला शाफ्ट आला की ते म्हणायचे, "टाकू नकोस रे, आधी वाच त्याला." भिंगाखाली पिन धरली. कडेला गुळगुळीत भाग, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळलेल्या रेषा, आणि उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. म्हणजे पिन एका फटक्यात तुटली नव्हती. तडा थोडा थोडा करत आत सरकला होता. दोन्ही तुकडे रिसीव्हरच्या, म्हणजे हे भाग बसतात त्या सांगाड्याच्या, भिंतींनी धरून ठेवल्यामुळे हॅमर चालत राहिला, पण तिरका होऊन.

कारण साधं आहे. 5.56 मध्ये बोल्ट फिरून कुलूपबंद होतो आणि नळीतला दाब उतरल्यावरच उघडतो. 9 मिलिमीटरच्या या घडणीत, ब्लोबॅकमध्ये, कुलूप नसतंच. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग, एवढ्यावरच सगळं थोपवायचं. गोळी सुटली की जड बोल्ट लगेच मागे येतो आणि हॅमरवर आदळतो. बोल्टच्या पोटाला उतार दिलेला नसेल तर हॅमर सरकन खाली न जाता ठोकला जातो, गरजेपेक्षा खोलही दाबला जातो. याच्या बोल्टला उतार नव्हता. बफर, म्हणजे बोल्टच्या मागे स्प्रिंगबरोबर सरकणारं वजन, तोही साधा, 3 औंसांचा. 9 मिलिमीटरसाठी साडेपाच औंसांचा मिळतो. हा सगळा मार 0.154 इंच जाडीच्या पिनेवर.

"पण ट्रिगर बरोबर बसला होता," तो म्हणाला. बसलाच होता. भोकं तीच, अंतर तेच. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे मी त्याला पिनेचे तुकडे हातात देऊन सांगितलं. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. काल त्याच्या शेजारच्या लेनवर त्याची नात उभी होती.

मला जास्त लागलं ते दुसरंच. सहा महिन्यांपूर्वी रेड डॉट (नेम धरायची लाल ठिपक्याची दुर्बीण) बसवायला हीच रायफल माझ्याकडे आली होती. ट्रिगर दाबून मी "छान आहे" म्हणालो होतो. कोणत्या रायफलीसाठीचा आहे, हे विचारलं नव्हतं. मी हे त्याला तिथेच सांगितलं. मजुरी घेतली नाही.

9 मिलिमीटरसाठीच बनवलेला ट्रिगर, उताराचा बोल्ट, जड बफर. तेवढं बसवून शनिवारी सकाळी रेंजवर गेलो. आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन, मग पाच. दोनशे झाल्यावर रायफल उघडून नवी पिन काढली आणि भिंगाखाली धरली. कड स्वच्छ होती.

आता 9 मिलिमीटरची कोणतीही रायफल कसल्याही कामाला आली, तरी जॉबकार्डवर ट्रिगर, बोल्ट आणि बफर आधी लिहून घेतो. जुन्या पिनेचा फोटो वडिलांना पाठवला होता. त्यांचा लगेच फोन आला, "डाव्या कडेपासून गेलाय तडा. मार तिकडूनच येत होता ना?"

तिकडूनच येत होता.