फॉर्मवरचं ‘नाही’

विम्याच्या फॉर्मवर नाव, जन्मतारीख, पगार, आईला साखर, वडिलांना बीपी, इथपर्यंत सगळं झरझर होतं. मग तंबाखूचा प्रश्न येतो. सिगारेट, बिडी, मावा, गुटखा, कुठल्याही स्वरूपात, गेल्या बारा महिन्यांत. इचलकरंजीत मी विमा एजंटचं हे काम बरीच वर्षं करतेय आणि या प्रश्नाचं उत्तर घरातल्या बायकांच्या चेहऱ्यावर वाचायची मला सवय लागलीय. नवरा माझ्या पेनाकडे बघत म्हणतो, “नाही ओ मॅडम, तसलं काही नाही.” बायको ओढणीशी चाळा करत खिडकीबाहेर बघते. सासूबाई मात्र आडपडदा ठेवत नाहीत. “का रं, परवा गच्चीवर कोण हुतं मग?”

बायकाही कमी नाहीत. मशेरी लावणारी बाई अगदी मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं. पण तव्यावर भाजून काळी केली तरी ती तंबाखूच. दिवसातून तीन-चारदा हिरड्यांवर चोळली की निकोटिन रक्तात जाणारच. कंपनी धूर मोजत नाही, निकोटिन मोजते.

खोटं बोलताय असं मी कुणाला तोंडावर म्हणत नाही. पेन खाली ठेवते आणि कोटिनिनची गोष्ट सांगते. ओढलेल्या सिगारेटमधलं निकोटिन काही तासांत रक्तातून उतरतं, पण लिव्हर त्याचं कोटिनिन करतं आणि ते लघवीत पुढे कित्येक दिवस सापडतं. मोठ्या रकमेच्या टर्म प्लॅनला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याला, मेडिकल असतं, त्यात हीच तपासणी करतात. मागे एका सायझिंगमधल्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातल्या, तरुण अकाउंटंटने गृहकर्जासाठी एक कोटीचा प्लॅन मागितला होता. फॉर्मवर ठासून ‘नाही’. रिपोर्ट आला, कोटिनिन पॉझिटिव्ह. मग माझ्याकडे येऊन बारीक आवाजात, “मॅडम, जेवण झाल्यावर एक, बास. कधी दोन.” एक असो की वीस, बहुतेक कंपन्यांना फरक पडत नाही, तुम्ही स्मोकरच्या दरात बसता. तो दर वयाप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे बदलतो, पण दीडपटीच्या आसपास सहज जातो. आणि हा हप्ता वीस-पंचवीस वर्षं भरायचा असतो. मला या दरात एक प्रामाणिकपणा वाटतो. कंपनीला तुमच्या चारित्र्याशी काही देणंघेणं नाही. कोण किती लवकर जातं याचे तक्ते तिच्याकडे आहेत, आणि त्या तक्त्यांतून काढलेला आकडा ती तुमच्यापुढे ठेवते.

काही हुशार गिऱ्हाइकं नेटवर वाचून येतात. विमा कायद्याचं कलम ४५, २०१५ ची दुरुस्ती. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला कुठल्याच कारणावरून तिच्यावर बोट ठेवता येत नाही. खरं आहे ते. म्हणून मी एवढंच विचारते की त्या तीन वर्षांच्या आत काही झालं तर? हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टर पहिल्या ओळीत लिहितात, ‘क्रॉनिक स्मोकर’. तो कागद क्लेमला जोडावाच लागतो. तेव्हा माझ्यासमोर तुम्ही नसाल, तुमची बायको असेल. त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला समजावणं काय असतं ते मला ठाऊक आहे. यावर फार लिहीत नाही.

आता रोजचा खर्च. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला २०२० च्या सप्टेंबरपासून बंदी आहे, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीला अजून सुतळीने लायटर टांगलेलाच आहे. सुट्टी घेणाऱ्याला महिन्याचा आकडा कधी कळत नाही, ही त्यातली खरी गोम. पाकीट घेणाऱ्याला निदान पाकीट तरी दिसतं. माझा नवरा सुट्टीवालाच. चहाबरोबर एक, चहा नसला तरी एक. दिवसाला दहा आणि एक वीस रुपयांना धरली तर महिन्याला ६,००० होतात. तेच सहा हजार पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी १५ वर्षं टाकले तर जवळजवळ १९ लाख हातात येतात. हे मी त्याला कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, तर म्हणाला, “आणि न ओढणारे सगळे दर महिन्याला सहा हजार पीपीएफला टाकतात वाटतं?” मुद्दा बरोबर होता. वाचलेला पैसा आपोआप कुठे जात नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. आकडेमोडीने सिगारेट सोडलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

बिडीवाले म्हणतात आमचं स्वस्त आहे. निपाणी आमच्यापासून फार लांब नाही, तंबाखूच्या वखारींचा तो उग्र वास लहानपणापासून ओळखीचा, त्यामुळे बिडीविरुद्ध बोललेलं इकडे चटकन कुणाला रुचत नाही. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून सारखे आणि जोरात झुरके मारावे लागतात. आकार एवढासा, तंबाखूही कमी, तरी निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही, उलट जास्तच शरीरात जातं.

आमचे सासरे यंत्रमागावर होते. शेडमध्ये कापसाची धूळ, तिथे काडी ओढायची सोय नाही, म्हणून दाराशी येऊन बिडी. छाती अर्धी कापसानं गेली, अर्धी धुरानं. साठी ओलांडल्यावर डॉक्टरांनी सीओपीडी सांगितलं, श्वास कोंडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. खर्चाचा खरा धडा मी तिथे शिकले, तोही विमा विकत असताना. मेडिक्लेमचं साधं सूत्र असतं: माणूस दाखल झाला तर पैसे. सीओपीडीचा माणूस दाखल होतो वर्षातून एखाद्या वेळी, थंडीत. बाकीचे महिने घरी असतो, श्वासाचा पंप (इनहेलर) ओढत. महिन्याला दोन पंप, वाफेचं मशीन, त्याची औषधं, तपासणीची फी, रिक्षा कारण बस चढवत नाही, आणि सोबत कुणीतरी रजा टाकून जाणार. यातलं फारसं काही साध्या पॉलिसीत बसत नाही. हार्ट अटॅकच्या अँजिओप्लास्टीचं मोठं बिल कंपनी भरते, सरकारी योजनेतही बसतं. पंपाचं छोटं बिल मात्र दर महिन्याला घरातूनच जातं.

त्यांनी बिडी सोडली तेव्हा गल्लीतले म्हातारे म्हणाले, आता सोडून काय उपयोग. उपयोग झाला. गेलेला श्वास परत येत नाही हे खरं, पण घसरणीचा वेग कमी होतो. रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकाने १९५१ पासून ब्रिटनमधल्या चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांवर पन्नास वर्षं लक्ष ठेवलं. त्याचा जो निष्कर्ष २००४ साली छापून आला तो मी सगळ्यांना ऐकवते: साठाव्या वर्षी सोडली तर आयुष्याची सरासरी तीन वर्षं पदरात पडतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळीसाव्या वर्षी नऊ, तिसाव्या वर्षी दहा. स्वतः डॉलही आधी ओढायचे, आकडे दिसायला लागले तशी त्यांनी सोडली.

नवऱ्याने का सोडली हे तो आजही नीट सांगत नाही. वडिलांचा पंप बघून म्हणावं तर तो पंप बघत बघत तो कितीतरी वर्षं ओढतच होता. असो. एका सोमवारी तो निकोटिनचा गम घेऊन आला. हा गम च्युइंगगमसारखा चघळत सुटायचा नसतो, हे पाकिटावर लिहिलेलं असतं आणि कुणीच वाचत नाही. थोडा चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडा. नुसता चघळला तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, आणि मग उचक्या. पहिल्या दिवशी हा सोफ्यावर बसून उचक्या देतोय आणि मुलगी शेजारी पाण्याचा ग्लास घेऊन उभी. दुसरी भानगड चहाची. चहा-कॉफीनंतर लगेच गम तोंडात टाकला तर निकोटिन तोंडातून नीट शोषलंच जात नाही, पंधरा मिनिटं थांबावं लागतं. आणि त्याला तर तलफ यायची ती नेमकी अर्ध्या चहाबरोबर! शेवटी काही आठवडे त्याने चहाच सोडला. तेवढे दिवस घरात कुणी त्याच्याशी वाद घालत नव्हतं. डब्याचं झाकण घट्ट बसलं म्हणून डबा आपटलेला मी पाहिलाय. खोकलाही आधी वाढला, मला वाटलं झालं, आता काहीतरी निघणार. डॉक्टर म्हणाले, श्वासनळीतली केसासारखी लव धुराने निपचित पडलेली असते, ती पुन्हा कामाला लागली की कफ वर ढकलते. थोडे दिवस जाऊ दे.

सिगारेटच्या पाकिटावर तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा जो १८००-११-२३५६ नंबर छापतात, त्यावर त्याने फोन केला तो मला न सांगता. मला कळलं ते तिकडून त्याची विचारपूस करायला पुन्हा फोन आला तेव्हा. ते लोक नंतरही फोन करत राहतात, पैसे पडत नाहीत. आता गिऱ्हाइकांना मी तोच नंबर देते.

बाकी शरीराचा हिशेब छापील आहे. सोडल्यापासून वीस मिनिटांत नाडी आणि बीपी खाली येऊ लागतं, बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्मा. हे काही डोळ्यांना दिसत नाही. मला दिसलं ते एवढंच की कपाटातल्या शर्टांना वास येईना, आणि तो आमटीत मीठ कमी आहे म्हणायला लागला. इतकी वर्षं तीच आमटी तो निमूट जेवत होता.

आता धंद्याचं. स्मोकर म्हणून घेतलेल्या जुन्या टर्म प्लॅनचा दर बहुतेक ठिकाणी सोडल्यावरही तोच राहतो. नॉन-स्मोकर दर हवा तर नवा फॉर्म भरावा लागतो, तोही कंपनीने घातलेली मुदत, निदान बारा महिने, पूर्ण झाल्यावर. गम चालू असताना घाई करू नका, गममधल्या निकोटिनचंही कोटिनिनच होतं. आणि नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नका, मेडिकलमध्ये काय निघेल सांगता येत नाही.

आमच्याकडे निघालंच. नवऱ्याचं कोटिनिन निगेटिव्ह आलं. तो रिपोर्ट त्याने भावाला, मित्रांना, टपरीवाल्यालासुद्धा पाठवला. त्याच पाकिटात साखरेचा रिपोर्ट होता, बॉर्डरवर. सिगारेट सुटल्यावर चार-पाच किलो वजन वाढतं बहुतेकांचं, आणि आमच्याकडे तलफ मारायला शेंगदाण्याची चिक्की असायची. कंपनीने साखरेपोटी थोडा जादा हप्ता लावला. तरी जुन्या हप्त्याच्या मानाने तो बराच कमी आहे, वय वाढलेलं असूनही. फरकाचे पैसे मी पीपीएफला लावलेत, त्याच्या खात्यातून, पाच तारखेच्या आत. चिक्की बंद केलीय. त्यावरून रोज भांडतो.