तुम्ही विचारलंत म्हणून: ही मुलं ऐकतात कशी?

चर्चमधली उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी, लग्नाच्या पंगतीत, कधी फोनवर दुसऱ्या चर्चच्या मंडळीतल्या पाळकबाईंकडून मला एकच प्रश्न येतो. "ताई, ही तेरा ते अठराची मुलं आमच्याकडे दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत. तुमचं कसं ऐकतात? तुम्ही त्यांच्याशी बोलता तरी काय?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते. कुणाचा मुलगा रविवारी उठतच नाही, कुणाची मुलगी "बोअर होतं" म्हणून घरी राहते, आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यातला विश्वास मोठेपणी स्वतः जाहीर करण्याचा विधी) झालं की चर्चच्या तरुण संघाकडे फिरकायचं नाही ही तर आता रीतच होऊन बसली आहे. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

त्यांच्याकडून 'हो' म्हणवून घ्यायची मला घाई नाही, हे मुलांना कळलेलं आहे. माझ्या मते ती ऐकतात त्याचं खरं कारण हेच. गिटार, खेळ, प्रोजेक्टर, समोसे हे सगळं हवंच. त्याने मुलं येतात. पण ज्या खोलीत "मला हे पटत नाही" असं म्हणता येतं, तिथेच ती टिकतात.

आमची बैठक शनिवारी संध्याकाळी असते, कारण रविवारी सकाळी दहावी-बारावीच्या मुलांच्या क्लासमध्ये टेस्ट ठेवतात. उपासना बुडवली म्हणून कुणाला मी कधी बोलत नाही. घरात त्यावरून आधीच पुरेसं बोलणं झालेलं असतं. खोलीच्या दाराशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्याच्या झाकणाला फट पाडली आहे. प्रश्न लिहायचा आणि आत टाकायचा. नाव लिहायचं नाही, दुसऱ्याचं अक्षर ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. महिन्याच्या सुरुवातीला दोन मुलं आणि मी डबा उघडतो. पुढच्या शनिवारी कशावर बोलायचं ते ती दोघं ठरवतात, आणि माझ्याबरोबर बायबलमधलं वचन काढून तयारीही तीच करतात.

चिठ्ठ्या कशा असतात? "निकाल देवाच्या इच्छेने लागतो तर अभ्यास कशाला?" "मला चर्चमधला एक मुलगा आवडतो, हे प्रार्थनेत सांगितलं तर चालेल का?" "आजीसाठी सगळ्या मंडळीने प्रार्थना केली तरी ती गेली. का?" आणि जुलै उजाडला, नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, की दर वर्षी न चुकता येणारी चिठ्ठी: "सोसायटीच्या गणपतीला आरतीसाठी उभं राहायचं का? प्रसाद घ्यायचा का? पथकात ढोल वाजवला तर पाप लागेल का?"

या शेवटच्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुण्यात वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी याहून खरा प्रश्न नाही. मोठ्यांकडून त्यांना दोनच उत्तरं मिळतात. "नाही म्हणजे नाही" किंवा "घे गं, काय होतंय". दोन्ही उत्तरांत बायबल उघडलेलं नसतं. आम्ही ते उघडतो. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय आठ आणि दहा. करिंथच्या बाजारात मूर्तीला वाहिलेलं मांस विकायला यायचं, आणि तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांना हुबेहूब हाच प्रश्न पडला होता. पत्र लिहिणारा प्रेषित पौल सुरुवातीला म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही. मग म्हणतो, पण हे ज्ञान सगळ्यांना नसतं, तुझ्या खाण्याने दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर खाऊ नकोस. पुढे म्हणतो, प्रभूच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर दोन्हीकडे बसता येणार नाही. आणि लगेच, कुणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं मुकाट्याने खा, चौकशी करू नकोस. मात्र हे वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्या मनासाठी थांब.

मुलं हे वाचतात आणि वैतागतात. "म्हणजे नक्की काय?" तिथून खरं बोलणं सुरू होतं. जेवणाचं आमंत्रण आणि पूजेतला सहभाग यांत फरक कुठे पडतो? ढोल वाजवणं हे वाद्य की उपासना? आपण नाही म्हटलं तर शेजारच्या काकूंना काय वाटेल, आणि हो म्हटलं तर आपल्याच मंडळीतल्या नुकत्याच बाप्तिस्मा झालेल्या दादाला काय वाटेल? मग मी त्यांना याच शहरातली गोष्ट सांगते. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि पुण्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तिथे चहा-बिस्किटं आली. कोण कोण होतं त्यांची नावं वर्तमानपत्रात छापली गेली, मोठं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद झाला, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्न तेव्हा समोरच्या बाजूने, म्हणजे हिंदूंकडून विचारला गेला होता. पंच हौदच्या मनोऱ्याखालून रोज क्लासला जाणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं. ऐकल्यावर त्यांचा प्रश्न त्यांच्या एकट्याचा राहत नाही.

गेल्या वेळी एका मुलीने ठरवलं की पथकात जायचं नाही, पण मंडळाच्या रक्तदान शिबिरात टेबलावर बसून नावं लिहून घ्यायची. एक मुलगा म्हणाला, मी प्रसाद घेणार, शेजारच्या आजी लहानपणापासून माझ्या हातावर ठेवतात, त्यांना नको म्हणणं म्हणजे त्यांनाच नको म्हणणं. त्यावर तिसऱ्याने त्याला दहाव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन काढून दाखवलं आणि अर्धा तास दोघं हटले नाहीत. मी स्वतः आरतीला उभी राहत नाही आणि शेजारच्या घरचं जेवण नाकारत नाही. पण हे मी शेवटी सांगते, तेही विचारलं तरच. एका बाबतीत मात्र मी कडक आहे: दुसऱ्याच्या देवाची टिंगल त्या खोलीत चालत नाही.

आता बोलण्याविषयी. मी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाही. नव्याने तरुणांत बोलणाऱ्यांना मी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय वाचायला सांगते. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत भाषण करत होता आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. सगळे लक्षात ठेवतात ते भाषण लांबल्याचं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पौल बोलायचा थांबला, खाली उतरला आणि त्या मुलाला त्याने कवेत घेतलं. पडलेल्या मुलासाठी भाषण अर्धं सोडता येत नसेल तर तरुणांमध्ये बोलू नये.

वाचायला कुणालाही अचानक उभं करायचं नाही, हेही एक पथ्य. आपली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, देवनागरी अडखळत वाचतात, आणि मित्रांसमोर अडखळलेला मुलगा पुढच्या शनिवारी येत नाही. फोनवर वाचू द्या, हवं तर आधी घरी पाठ करून येऊ द्या. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटापर्यंत खपून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. त्या वारशाचे आपण लोक आहोत.

रमाबाईंचा उल्लेख आलाच आहे तर सांगते, शंका घेणाऱ्या मुलींना मी केडगावला, निराधार स्त्रियांसाठीच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये घेऊन जाते. दौंडच्या गाडीत बसल्यावर गप्पा सुरू होतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतरही रमाबाई आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. चर्चचं म्हणणं आणि देवाचं म्हणणं एकच कशावरून, असे प्रश्न त्यांनी सोडले नाहीत. "मी प्रश्न विचारते म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?" असं एका मुलीने मला गाडीत विचारलं होतं. उत्तर म्हणून मी तिला केडगावचं ते सगळं आवार दाखवलं. इतके प्रश्न विचारणाऱ्या बाईने ते उभं केलं आहे.

शिबिरांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही, तरी लिहिते. शेवटच्या रात्री शेकोटी, मंद गिटार, दमलेली मुलं, आणि वक्त्याने "डोळे मिटा, ज्याला आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्याने हात वर करा" म्हणायचं, हे मी होऊ देत नाही. प्रभूला जीवन देण्याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही, म्हणूनच ती झोपेला आलेल्या पोराकडून अंधारात मागायची नसते. शेजारच्याने हात वर केला म्हणून आपण केला, हे त्याला बसमध्ये परत येताना कळतं, आणि मग पुढचं कुठलंच आवाहन त्याला खरं वाटत नाही. आम्ही ते बोलणं दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर करतो, उजेडात, एकेकाला विचार करायला सवड देऊन. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या गतीने चालत आल्या. टिळकांच्या घरात जी वाट पाहिली गेली ती आपण चौदा वर्षांच्या मुलासाठी का पाहू नये?

आता एक गोष्ट, जिच्याशिवाय बाकीचं काही सुरू करू नका. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. दार उघडं, आणि दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. रात्री खासगी मेसेज नाहीत. पालकांना न सांगता कुणाच्याही मुलाला आणायचं नाही, मित्र दुसऱ्या धर्माचा असेल तर मुळीच नाही. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधी देऊ नका. मी आधीच सांगते: तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला, शरीराला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि पाळक, वडीलजन, शिक्षक यांना त्यातून सूट नाही. मंडळीची अब्रू हे कारण कायद्याला चालत नाही आणि प्रभूलाही चालत नाही. आमच्या खोलीच्या भिंतीवर दोन नंबर ठळक लिहिले आहेत: चाइल्डलाइन १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६.

एकदा डब्यात चिठ्ठी आली: "बाबा चर्चमध्ये प्रार्थना चालवतात आणि घरी आईवर हात उगारतात. देवाला कोणते बाबा दिसतात?" ती आम्ही मोठ्याने वाचली नाही. एक चिठ्ठी अशी आहे की ती इथे वाचणार नाही, पण पाळकबाई आणि मी बैठकीनंतर थांबणार आहोत, एवढंच सांगितलं. दर शनिवारी थांबत राहिलो. लिहिणारं लेकरू शेवटी मैत्रिणीचा हात धरून आलं. पुढे काय केलं ते त्या घराचं आहे, ते लिहिणार नाही. बैठकीत मात्र त्या महिन्यात आम्ही मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचला, जिथे विधवांची घरं गिळणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थनांचं ढोंग करणाऱ्यांना अधिक शिक्षा होईल असं येशू सांगतो. येशू हे देवळात, सगळ्यांच्या देखत बोलला, हे मुलांना ठाऊक असायला हवं.

येत्या शनिवारी आजीची चिठ्ठी आहे. दोन मुलं बायबलमधल्या स्तोत्र ८८ ची तयारी करत आहेत. हे स्तोत्र अंधारात संपतं. पहिल्या मसुद्यात त्यांनी शेवटी धीर देणारी दोन वाक्यं घातली होती. मी म्हटलं, स्तोत्रात ती नाहीत, तुम्हीही घालू नका. ज्याची आजी गेली त्याला आधी हे कळू दे की असंही देवाशी बोलता येतं. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या, मागच्या बाकांवर जागा असते. मुलं बोलत असताना मध्ये बोलू नका, एवढंच.